मोबाईलचे बिऱ्हाड हलविण्यापूर्वी

नवा मोबाईल घ्यावयाचा ठरला की पहिली चौकशी किमतीची होते आणि दुसरी कॅमेऱ्याची. तिसरा प्रश्न दुकानात सहसा कोणी विचारीत नाही. तो मोबाईल घरी आणल्यावर उभा राहतो. जुन्या मोबाईलमधील सारे काही नव्यात कसे आणावयाचे? अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर किंवा आयफोनवरून आयफोनवर जाणाऱ्यास हे काम एका दुपारीत उरकता येते. घराणेच बदलावयाचे असेल तर मात्र ती केवळ यंत्राची अदलाबदल राहत नाही. ते बिऱ्हाड हलविणे असते, आणि बिऱ्हाड हलविताना काय हरवले हे बऱ्याच दिवसांनी, नेमकी ती वस्तू हवी असते तेव्हाच लक्षात येते.

भारतात दहापैकी नऊहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात. तरीही मोठ्या शहरांत आयफोनकडे वळण्याचा विचार अनेक घरांत होतो. अॅपलने आपले भारतातील पहिले दालन १८ एप्रिल २०२३ रोजी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पुण्यात कोरेगाव पार्क येथेही दालन सुरू केले. मासिक हप्ते आणि जुना मोबाईल देऊन नवा घेण्याच्या योजना यांमुळे उडी घेणे सोपे झाले आहे. उलट दिशेने जाणारेही आहेत. कोणाला घडीचा फोन हवा असतो, तर कोणाला कमी किमतीत अधिक साठवण. दोहोंपैकी श्रेष्ठ कोण, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. घराणे बदलण्याची खरी किंमत कशी मोजावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

दोन घराणी, दोन स्वभाव

स्टीव्ह जॉब्ज यांनी ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे आयफोन जगापुढे आणला. भारतात तो ऑगस्ट २००८ मध्ये एअरटेल आणि व्होडाफोन यांच्यामार्फत विक्रीस आला. अँड्रॉइड ही मुळात २००३ मध्ये स्थापन झालेली एक छोटी कंपनी होती. गूगलने ती २००५ मध्ये विकत घेतली, नोव्हेंबर २००७ मध्ये अनेक मोबाईल उत्पादकांना सोबत घेऊन आपली प्रणाली जाहीर केली आणि ऑक्टोबर २००८ मध्ये तिच्यावर चालणारा पहिला फोन अमेरिकेत विक्रीस आला.

दोघांच्या स्वभावातील फरक याच जन्मकथेत आहे. अॅपल यंत्रही स्वतःच घडविते आणि त्यावरील प्रणालीही. त्यामुळे आयफोनचे प्रकार मोजके, किंमत चढी आणि वागणूक सर्वत्र सारखी. गूगल आपली प्रणाली सॅमसंग, शाओमी, विवो, ओप्पो, मोटोरोला अशा अनेक उत्पादकांना देते. त्यामुळे निवड अफाट, किंमत प्रत्येक खिशाला परवडेल अशी. परंतु एका अँड्रॉइडचा अनुभव दुसऱ्यास लागू पडेलच असे नाही. ‘अँड्रॉइड कंटाळवाणे झाले’ असे म्हणणाऱ्याची तक्रार पुष्कळदा अँड्रॉइडविषयी नसून चार वर्षांपूर्वी घेतलेल्या एका स्वस्त मोबाईलविषयी असते. अशा ग्राहकाचे समाधान त्याच घराण्यातील चांगल्या फोनानेही होऊ शकते, आणि त्यासाठी बिऱ्हाड हलवावे लागत नाही.

एकेकाळी घराणी दोनच नव्हती. नोकियाची सिम्बियन प्रणाली भारतातील असंख्य खिशांत होती. २०११ च्या फेब्रुवारीत नोकियाने तिला बाजूस सारून मायक्रोसॉफ्टची विंडोज स्वीकारली. मोबाईलवरील त्या विंडोजचा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला. ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनांच्या सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी बंद झाल्या. या फोनांच्या मालकांना स्थलांतर करावयाचे की नाही, असा पर्यायच उरला नाही. ज्यांनी छायाचित्रे आणि क्रमांक वेळीच दुसरीकडे उतरवून ठेवले होते त्यांचे ते राहिले. स्थलांतराची तयारी ही केवळ हौशी ग्राहकाची गरज नव्हे, हे या इतिहासावरून ध्यानात यावे.

भिंत कोठे आहे?

ग्राहक एका व्यवस्थेत रुळला की ती सोडण्याचा खर्च त्याला बांधून ठेवतो, या गोष्टीचे विवेचन कार्ल शपिरो आणि हॅल व्हेरियन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी ‘इन्फर्मेशन रूल्स’ या ग्रंथात १९९० च्या दशकाच्या अखेरीस केले. त्यांपैकी व्हेरियन हेच पुढे गूगलचे मुख्य अर्थतज्ज्ञ झाले. अर्थात हा खर्च कंपन्यांना पुरेपूर ठाऊक असतो. एपिक गेम्स आणि अॅपल यांच्यातील खटल्यात २०२१ मध्ये अॅपलचा अंतर्गत पत्रव्यवहार उघड झाला. अॅपलची संदेशसेवा अँड्रॉइडवर दिली, तर आयफोन वापरणाऱ्या कुटुंबांना मुलांसाठी अँड्रॉइड घेण्यातील एक अडसर दूर होईल, अशी भीती कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यात २०१३ सालीच व्यक्त केली होती.

भारतात ही विशिष्ट भिंत फारशी जाणवत नाही. आपल्याकडे निरोपांची देवाणघेवाण व्हॉट्सअॅपवर होते आणि ते दोन्ही घराण्यांत सारखेच चालते. मात्र आपली भिंत त्याच व्हॉट्सअॅपच्या आत होती. अँड्रॉइडवरील संभाषणांचा बॅकअप गूगलकडे राहतो, आयफोनवरील अॅपलकडे; आणि एकाचा बॅकअप दुसऱ्यावर उतरत नाही. संभाषणे एका घराण्यातून दुसऱ्यात नेण्याची अधिकृत सोय आयफोनवरून अँड्रॉइडकडे २०२१ मध्ये, प्रथम सॅमसंगच्या फोनांपुरती, आणि अँड्रॉइडवरून आयफोनकडे २०२२ मध्ये उपलब्ध झाली. तोपर्यंत घराणे बदलणाऱ्या अनेकांनी वर्षानुवर्षांची संभाषणे मागेच सोडली.

याबाबतीत कायद्याचा आधार कितपत आहे? दूरध्वनी क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची मुभा देशभर २० जानेवारी २०११ पासून मिळाली. मोबाईलमधील आपल्या माहितीबाबत असा हक्क मात्र मिळालेला नाही. युरोपात मे २०१८ पासून लागू झालेल्या नियमांत स्वतःची माहिती एका सेवेतून दुसरीकडे नेण्याचा हक्क आहे. आपल्याकडेही २०१९ च्या विधेयकात त्याची तरतूद होती. २०२३ मध्ये संमत झालेल्या कायद्यात ती राहिली नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडबाबतच्या अटींवरून गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, परंतु त्या वादाचा रोख फोन उत्पादकांवर लादलेल्या अटींवर होता. सामान्य ग्राहकाने आपले सामान कसे हलवावे, हे आजही कंपन्यांनी दिलेल्या सोयींवर आणि त्याच्या स्वतःच्या दक्षतेवर अवलंबून आहे.

सहज जाणारे सामान

आता सामानाकडे वळू. नावे व क्रमांक, दिनदर्शिका आणि ईमेल हे सर्वांत हलके सामान. ते गूगल खात्यात साठविलेले असेल तर आयफोनवर तेच खाते जोडताच दिसू लागते. अडचण येते ती फोनच्या किंवा सिमकार्डाच्या स्मृतीत अडकून राहिलेल्या क्रमांकांची. ते आधी खात्यात आणावे लागतात.

अँड्रॉइडवरून आयफोनवर येणाऱ्यांसाठी अॅपलचे ‘मूव्ह टू आयओएस’ हे अॅप २०१५ पासून आहे. क्रमांक, एसएमएस, छायाचित्रे, चित्रफिती आणि दिनदर्शिका ते हलविते. संगीत, पुस्तके आणि पीडीएफ दस्तऐवज मात्र स्वतंत्रपणे हलविले आहेत ना, हे पाहावे. उलट दिशेने जाताना नव्या अँड्रॉइड फोनच्या सुरुवातीच्या मांडणीतच आयफोन जोडण्याची सोय असते.

छायाचित्रांसाठी आणखी एक वाट आहे. अॅपलच्या आयक्लाऊडमधील संग्रह थेट गूगल फोटोजमध्ये पाठविण्याची विनंती २०२१ पासून, तर गूगलमधील संग्रह आयक्लाऊडमध्ये पाठविण्याची विनंती २०२४ पासून करता येते. या कामास काही दिवस लागतात आणि मूळ प्रत जागेवरच राहते. जागेचा हिशेब मात्र आधी करावा. गूगल १५ जीबी जागा विनामूल्य देते, अॅपल ५ जीबी. गूगल फोटोजमधील अमर्याद विनामूल्य साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. दहा वर्षांची छायाचित्रे असणाऱ्या कुटुंबास दोन्हीकडे बहुधा मासिक शुल्क भरावे लागते, आणि तो खर्च नव्या फोनच्या किमतीत धरला पाहिजे.

अडून बसणारे सामान

सर्वांत नाजूक सामान व्हॉट्सअॅपचे. दिवंगत आईवडिलांचा आवाज कित्येक घरांत आज केवळ एखाद्या ध्वनिसंदेशात उरलेला असतो. संभाषणे हलविण्याची अधिकृत पद्धत आहे, पण तिची अट कडक आहे: नवा फोन कोरा असावा लागतो, म्हणजे हे काम त्याच्या पहिल्या मांडणीच्या वेळीच करावयाचे. दुकानातच फोन सुरू करून घेतला, दोन दिवस वापरला आणि मग संभाषणांची आठवण झाली, तर तो पुन्हा पूर्ण पुसावा लागतो. क्रमांकही तोच असावा लागतो. जे संदेश जिवापाड जपावयाचे आहेत ते या सोयीवर विसंबून न राहता आधीच वेगळे काढून संगणकावर ठेवावेत.

दुसरी अडचण पैशाची. यूपीआयची सेवा खाते, सिम आणि फोनचे यंत्र या तिघांची गाठ मारून चालते. फोन बदलला की प्रत्येक बँकेच्या आणि यूपीआयच्या अॅपमध्ये नोंदणी नव्याने करावी लागते व सुरुवातीच्या काही काळात व्यवहाराची मर्यादा कमी ठेवली जाते. यूपीआय लाइटमध्ये ठेवलेली रक्कम जुना फोन पुसण्यापूर्वी बँक खात्यात परत वळती करावी. त्यातच सिम बदलून ई-सिम घेतले तर सुरक्षेसाठी पहिले २४ तास एसएमएस बंद राहतात आणि ओटीपी येत नाही. घरभाडे, शाळेचे शुल्क किंवा रुग्णालयाचे देयक द्यावयाच्या दिवशी फोन बदलू नये, हे साधे पथ्य यासाठीच.

तिसरे सामान विकत घेतलेल्या अॅपचे. एका दुकानातून घेतलेले अॅप दुसऱ्या दुकानात चालत नाही; पुन्हा पैसे मोजावे लागतात. मासिक वर्गणी मात्र अॅपल किंवा गूगलमार्फत सुरू केली असेल तर ती तेथूनच बंद करावी लागते, अन्यथा फोन सोडल्यावरही पैसे कापले जात राहतात.

चौथे सामान जोडवस्तूंचे. अॅपलचे घड्याळ केवळ आयफोनशी जुळते. सॅमसंगची २०२१ पासूनची घड्याळे आयफोनशी जुळत नाहीत. अॅपलचे कर्णसंच अँड्रॉइडवर चालतात, पण त्यांच्या काही खास सोयी गमवाव्या लागतात. आयफोनमध्ये मेमरी कार्ड घालता येत नाही आणि भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक अलीकडच्या आयफोनांत एकच सिमकार्ड बसते. दुसरा क्रमांक ई-सिमवर घ्यावा लागतो. चार्जरचा प्रश्न मात्र निकालात निघाला आहे. सप्टेंबर २०२३ मधील आयफोन १५ पासून अॅपलनेही यूएसबी-सी स्वीकारले.

मराठी वापरणाऱ्यांनी काय पाहावे?

अँड्रॉइडमध्ये संपूर्ण फोन मराठीतून वापरण्याची सोय २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून आहे. आयफोनवर मराठी कळफलक पूर्वीपासून असला तरी संपूर्ण फोन मराठीतून दिसण्याची सोय मार्च २०२५ अखेर आलेल्या आयओएस १८.४ या आवृत्तीने दिली. तिच्यात मराठीसह दहा भाषांची भर पडली. त्यामुळे ‘आयफोनला मराठी येत नाही’ हा जुना आक्षेप आता टिकत नाही. तरीही घरातील ज्येष्ठांसाठी फोन घेताना त्यांच्या बोटांना सवयीचा असलेला कळफलक आणि बोलून मजकूर लिहिण्याची सोय दुकानात प्रत्यक्ष वापरून पाहावी. गूगलचा कळफलक आयफोनवरही घेता येतो.

ज्येष्ठांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट यंत्राहून महत्त्वाची ठरते. अडचण आल्यावर त्यांना मदत कोण करणार आणि त्याच्या हाती कोणता फोन आहे? अमेरिकेत राहणाऱ्या मुलाने हौसेने पाठविलेला आयफोन, शेजारपाजारचे सारे अँड्रॉइडवाले असल्याने, आईवडिलांच्या कपाटात पडून राहू शकतो.

आयुष्य आणि सुरक्षा

फोन किती वर्षे सुरक्षित राहील, यावर त्याची वार्षिक किंमत ठरते. सप्टेंबर २०१८ मध्ये आयओएस १२ घेऊन आलेल्या आयफोन एक्सएसला २०२४ मधील आयओएस १८ पर्यंतच्या सर्व आवृत्त्या मिळाल्या. अँड्रॉइडची या बाबतीतील ख्याती एकेकाळी वाईट होती, पण गूगलने ऑक्टोबर २०२३ मधील पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मधील गॅलेक्सी एस २४ पासून सात वर्षांच्या सुधारणांचे वचन दिले. स्वस्त फोनांबाबत मात्र हा अवधी बराच कमी असू शकतो. खरेदीपूर्वी तो विचारून घ्यावा आणि किमतीला त्या वर्षांनी भागावे. पुष्कळदा ‘महाग’ व ‘स्वस्त’ यांतील अंतर या भागाकारानंतर कमी होते.

सुरक्षेचा दुसरा पैलू अॅप कोठून घेता येते हा. अँड्रॉइडवर अधिकृत दुकानाबाहेरील अॅपही बसविता येते. हे स्वातंत्र्य जाणकारास उपयोगी पडते, पण लग्नपत्रिकेच्या नावाखाली व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल पाठवून फोनचा ताबा घेण्याचे प्रकार याच वाटेने घडतात. भारतात विकल्या जाणाऱ्या आयफोनवर ही वाट बंद आहे. म्हणून आयफोनवाला फसतच नाही असे नव्हे; फोनवरून धमकावून पैसे वळते करून घेणाऱ्यास समोरचा फोन कोणता, याने काही फरक पडत नाही.

कोणी बदलावे, कोणी थांबावे?

पुढील स्थितीत घराणे बदलणे सयुक्तिक ठरते: घरातील बहुतेकांकडे दुसऱ्या घराण्याची यंत्रे आहेत आणि छायाचित्रे, वर्गणी, जागा वाटून वापरावयाची आहे, कामासाठी लागणारे एखादे साधन तिकडेच आहे, किंवा सध्याच्या फोनची सुरक्षा-मुदत संपली असून नवा फोन पाच-सहा वर्षे वापरण्याचा इरादा आहे. केवळ मंदावलेली बॅटरी, भरलेली साठवण किंवा कार्यालयातील मंडळींचे अनुकरण ही कारणे पुरेशी नाहीत. बॅटरी बदलता येते, साठवण रिकामी करता येते आणि अनुकरणाचे हप्ते स्वतःलाच भरावे लागतात.

निर्णय झालाच तर पुढील क्रम पाळावा.

१. आधी यादी करावी: बँका, यूपीआय, दुहेरी पडताळणीची अॅप, वर्गण्या, घड्याळ, संग्रह. यादीतील प्रत्येक गोष्टीपुढे ‘जाते’, ‘पुन्हा करावी लागते’ किंवा ‘राहते’ असे लिहावे.

२. छायाचित्रे आणि महत्त्वाचे संदेश यांची एक प्रत संगणकावर किंवा हार्ड डिस्कवर उतरवावी. ही प्रत कोणत्याही घराण्याची नसते.

३. परवलीचे शब्द दोन्ही प्रणालींवर चालेल अशा ठिकाणी आणावेत आणि पडताळणीची अॅप नव्या फोनवर चालू होईपर्यंत जुना फोन पुसू नये.

४. नवा फोन दुकानात सुरू न करता घरी, दोन्ही फोन पूर्ण चार्ज करून, सुट्टीच्या दिवशी मांडावा. व्हॉट्सअॅपचे स्थलांतर त्याच वेळी करावे.

५. किमान दोन आठवडे दोन्ही फोन जवळ ठेवावेत. जुना फोन देऊन नवा घेण्याच्या योजनेत हे जमत नसेल, तर मिळणारी सवलत या सोयीहून मोठी आहे का, याचा विचार करावा.

६. आयफोन सोडताना अॅपलची संदेशसेवा बंद करावी, अन्यथा इतर आयफोनधारकांचे संदेश तिकडेच जात राहतात. शेवटी जुन्या फोनमधून आपले खाते काढून मगच तो पुसावा. खाते न काढता विकलेला फोन घेणाऱ्यास निरुपयोगी ठरतो.

या यादीतील पहिली तीन कामे घराणे न बदलणाऱ्यासही तितकीच लागू आहेत. फोन चोरीस जातो, पाण्यात पडतो, लोकलच्या गर्दीत हातातून निसटतो. त्या क्षणी स्थलांतर आपल्यावर लादले जाते आणि तेव्हा यादी करावयास अवधी नसतो. ज्याची प्रत दुसरीकडे आहे, त्याला कोणत्याही कंपनीच्या भिंतीचे भय उरत नाही. मग तो राहिला तरी स्वखुशीने राहतो आणि गेला तरी काही न गमावता जातो.